तावडेबाईंचं शिकून ठेवणं

'बाळाची खोली कशी सजवावी' या व्याख्यानाला तावडेबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, मांडीवर वही. आजूबाजूला सगळी नवी जोडपी. दोघी-तिघींना तर खुर्चीत बसणंही अवघड जात होतं. वक्त्या म्हणाल्या, पाळण्यावर बाळाला दिसेल असं लाल रंगाचं काहीतरी टांगावं. लगेच तावडेबाईंचा हात वर.

"लालच का हो बाई? आणि पंख्याच्या वाऱ्यानं ते गरगर फिरायला लागलं, तर बघून बघून पोर तिरळं नाही ना व्हायचं?"

मंडपात हशा पिकला. तावडेबाई हशा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग उत्तर मिळवलं, वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचा गुप्ते म्हणाला, "काय तावडेबाई, काही बातमी?"

त्या फाइलीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "शिकून ठेवलेलं बरं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घाटकोपरला एका विमा कंपनीची शाखा होती, तिथे क्लेमच्या टेबलावर त्या आणि शेजारच्या टेबलावर मी. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं, मी भांडुपला भाड्याच्या खोलीत राहत होतो, आणि माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या असलेल्या तावडेबाई मला हक्कानं 'अरे मोहन' म्हणत. फार चिडल्या किंवा फार खूश झाल्या तर मालवणीत शिरत. तेव्हा 'मेल्या' म्हणत.

दर वर्षी थंडीत मुलुंडला एका शाळेच्या मैदानावर 'घर आणि बाग' प्रदर्शन भरायचं. एका बाजूला गुलाबाच्या आणि क्रोटनच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला गॅसच्या शेगड्या, मिक्सर, फोमच्या गाद्या, फरश्या. आणि टोकाला एक मंडप. तिथे तीन दिवस तज्ज्ञांची व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं चालायची. मला माइकचा नाद. गणपतीत, गॅदरिंगला, कुणाच्या निरोप समारंभाला, माइक दिसला की माझा हात पुढे व्हायचा. त्यामुळे या मंडपात वक्त्यांची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. वक्त्यापेक्षा ओळख लांबते, अशी तक्रार एकदा आली होती. मी ती कौतुक म्हणून घेतली.

तावडेबाई तिन्ही दिवस येत. रजेच्या अर्जावर 'कौटुंबिक कारण' लिहीत. त्यांच्या पिशवीत एप्रन, कात्री, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं आणि स्वतःचं स्टूल असे. गर्दी वाढली आणि खुर्च्या कमी पडल्या तर पंचाईत नको म्हणून. बोन्साय, जॅम, मेणबत्त्या, डाग काढणं, उशा शिवणं, काहीही असो. गच्चीची गळती या विषयावर एक इंजिनियर बोलले, तेव्हा समोर सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि त्यांच्या मधोमध एकट्या तावडेबाई. त्यांनी असे काही प्रश्न विचारले की इंजिनियरसाहेबांना दोनदा चष्मा पुसावा लागला. नंतर एका सेक्रेटरीनं अदबीनं विचारलं, "आपली सोसायटी कुठली?"

"आमचं अजून चाललंय," तावडेबाई म्हणाल्या.

जे शिकत त्याचा फायदा सगळ्या ऑफिसला होई. गुप्त्याच्या शर्टावर शाईचं पेन फुटलं तेव्हा त्यांनी कॅन्टीनमधून दूध मागवलं. "घासू नकोस रे मेल्या, टिप! घासलंस की डाग आत जातो." डाग खरंच गेला. क्लेमच्या कपाटात त्यांनी कडुलिंबाचा पाला ठेवला होता, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या मयत माणसांच्या फाइलींना कडवट वास यायचा, पण कसर मात्र एकीलाही लागली नाही. माझी बायको नीला एकदा ऑफिसात आली, तर हिनं नमस्कार करायच्या आत त्यांनी विचारलं, "तुझ्या मोरीचा उतार कुठल्या बाजूला आहे गं?"

प्रात्यक्षिकात केलेल्या वस्तू त्या वाटून टाकत. मेणबत्त्या शिपायाला. मोठ्या बाटलीत लावलेली बाग साहेबांच्या टेबलावर. फुलांची रचना शिकवणाऱ्या बाईंनी एकदा तावडेबाईंची रचना उचलून सगळ्यांना दाखवली. तीसुद्धा जाताना त्यांनी मैदानाच्या वॉचमनला देऊन टाकली. आम्हाला वाटायचं, घरी ठेवायला जागा उरली नसेल. त्यांचं घर आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. नाहूरला भावाकडे राहतात एवढं माहीत होतं. गुप्त्यानं त्या घराचं वर्णन रचून ठेवलं होतं: दारात बोन्सायचा वड, मोरीत नेचे, आणि फर्निचरवर एकसुद्धा डाग नाही कारण कुणाला बसायलाच देत नाहीत. आम्ही डबा खाताना त्यात भर घालायचो. सगळ्यात जास्त भर माझी असे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला फार वर्षं लागली.

त्या वर्षी रविवारी दुपारी 'लहान घर, मोठी सोय' असं व्याख्यान होतं. सांताक्रूझहून एक नामांकित इंटिरियर डेकोरेटर बाई येणार होत्या. मंडप गच्च भरला आणि बाई काही येईनात. पंधरा मिनिटं झाली. मी दोन विनोद सांगितले, ते संपले. मागून टाळ्या सुरू झाल्या, त्या कसल्या ते बोलणाऱ्याला बरोबर कळतं. तेवढ्यात पहिल्या रांगेत तावडेबाई दिसल्या.

"मंडळी," मी म्हटलं, "पाहुण्या येईपर्यंत आपण एका खऱ्या तज्ज्ञांना भेटू या! ज्यांनी या मंडपातलं एकही व्याख्यान आजवर चुकवलेलं नाही..."

त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना हाताला धरून वर आणलं. माझा बेत साधा होता. मी चिमटे काढणार, लोक हसणार, वेळ जाणार.

पण झालं भलतंच. मी विचारलं, "एका खोलीत चार माणसं राहत असतील तर काय करावं?" आणि तावडेबाई बोलायला लागल्या. ओट्याखालची जागा, दारामागची जागा, खिडकीची फळी, दुपारचं ऊन कुठे येतं ते आधी बघायचं आणि मग कपाट कुठे ते ठरवायचं. हळू आवाजात, एकेक गोष्ट हातानं हवेत मांडून दाखवत. पुढच्या बायकांनी पर्समधून कागद काढले. एक बाई उठून म्हणाली, "ताई, आमची खिडकी जिन्यावर उघडते, तिथे पडदा कसा लावू?" तावडेबाईंनी तिला आधी खिडकीची उंची विचारली आणि मग सांगितलं. टाळ्या झाल्या. खऱ्या.

माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. माइक माझ्या हातात, आणि मी तो नुसता त्यांच्या तोंडासमोर धरून उभा. खोटं कशाला बोलू, मला ते सोसलं नाही.

मी माइक माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, "तावडेबाई, एवढी सोय तुमच्या घरी असणारच! मग आम्हाला घर कधी दाखवणार? इतकी वर्षं एक कप चहासुद्धा नाही! काय मंडळी, जायचं ना बघायला?"

"जायचं!" मंडप ओरडला. हशा, शिट्ट्या. माझ्या जिवात जीव आला.

तावडेबाईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता. मग माझ्याकडे न बघता लोकांना म्हणाल्या, "या ना. पुढच्या रविवारी या."

तेवढ्यात सांताक्रूझच्या बाईंची गाडी आली.

आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. शनिवारी निघताना तावडेबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. असं त्या कधी करत नसत. काय ते आपल्या जागेवरून ओरडून सांगत.

"मोहन, उद्याचं... भावाकडे उद्या पाहुणे आहेत रे. पुढे कधीतरी बघू या का?"

मी हसलो. "तावडेबाई, आता सुटका नाही. सगळ्या मुलुंडसमोर शब्द दिलाय तुम्ही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांचा तो चेहरा मी नीट बघितला असता तर मला कळलं असतं. बघितला होता मी. कळलंही होतं थोडंसं. तरी मी हसलो, ही खरी गोष्ट.

रविवारी मी, नीला आणि गुप्ते असे तिघे नाहूरला गेलो. नीलानं पितळेची फुलदाणी घेतली होती. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते त्यांच्या वहिनीनं. हात पिठाचे, कडेवर पोर, आत आणखी दोन पोरांची मारामारी.

"कोण पाहिजे?"

"तावडेबाई... आम्ही त्यांच्या ऑफिसातले."

"वन्संकडे? मला काही बोलल्या नाहीत त्या." आणि आत वळून, "अहो वन्सं! तुमच्याकडे माणसं आलीत!"

दोन खोल्यांचा ब्लॉक. बाहेरच्या खोलीत भाऊ बनियनवर बसला होता, तो गडबडीनं शर्ट शोधायला उठला. कॉटवर वहिनीची आई झोपून. भिंतींवर ओल, खिडकीवर आखूड पडलेला पडदा, दारामागे चपलांचा ढीग. गुप्ते बोन्सायचा वड शोधत असावा. तो इकडेतिकडे बघत राहिला.

तावडेबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. इस्त्रीची साडी, केसांत फूल. "या, आत या. तिथे गर्दी आहे, इकडेच बसू."

स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यावर धुतलेलं पांढरं कापड, कडेला बारीक टाका घातलेला. त्यावर स्टीलच्या पेल्यात तगरीची एक फांदी उंच, एक मधली, एक आडवी. अगदी मंडपात शिकवली होती तशी. खाली नवी चटई. भिंतीला गुंडाळी करून ठेवलेलं अंथरूण, त्यालाही खोळ.

गुप्ते बिचारा गोंधळून म्हणाला, "आणि... तुमची खोली?"

"हीच की," तावडेबाई म्हणाल्या. "रात्री भांडी घासून झाली की माझी."

मग त्यांनी घावणे वाढले. गरम, जाळीदार, नारळाच्या रसाबरोबर. पहाटे उठून केले असणार, कारण वहिनी मधेच आत आली आणि म्हणाली, "अगं बाई, म्हणजे नारळ यासाठी आणला होतात होय! सांगितलं असतंत तर मी घर तरी आवरलं असतं. लोक काय म्हणतील?" ती वाईट बाई नव्हती. दोन खोल्यांत सात माणसं सांभाळणारी बाई होती. आमच्याकडे बघून ती कसनुसं हसली आणि नीलाला म्हणाली, "आमच्या वन्सं भारी हौशी हो. पूर्वी प्रदर्शनातून रोज काहीतरी शिकून यायच्या. हे इथे ठेव, पडदा असा लाव, कपाट तिकडे सरकव. मी एकदा कंटाळून म्हटलं, वन्सं, माझं घर आहे, मला लावू द्या ना माझ्या मनासारखं. तेव्हापासून काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. एक खिळासुद्धा ठोकला नाही बघा त्यांनी. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

तावडेबाई पाठमोऱ्या होत्या. तव्यावर पीठ घालत होत्या. "घावणा घे गो नीला," त्या म्हणाल्या. "लाजू नकोस."

मी चार घावणे खाल्ले. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

फुलदाणी कुठे ठेवायची याचा बराच घोळ झाला. शेवटी वहिनीनं ती बाहेर रेडिओवर ठेवली. "छान आहे," ती म्हणाली, आणि तावडेबाईसुद्धा म्हणाल्या, "छान आहे."

त्या आम्हाला खालपर्यंत सोडायला आल्या. जिन्यावर मी मुद्दाम मागे राहिलो. माफी मागायची असं ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. वाक्यं जुळवणं हाच तर माझा उद्योग. शेवटच्या पायरीवर मी थांबलो, त्याही थांबल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "घावणे झकास होते हं, तावडेबाई."

"होते ना?" त्या म्हणाल्या. "उकड्या तांदळाचे नव्हेत ते, साधेच."

रस्त्यावर गुप्ते एकच वाक्य बोलला. "यार, आपण जायला नको होतं." त्याला निदान 'आपण' म्हणता येत होतं.

ऑफिसात तावडेबाई सोमवारी नेहमीसारख्याच आल्या. डब्याच्या वेळी आम्ही त्यांच्या घराबद्दल बोलायचं बंद केलं, आणि ते बंद झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलंच असणार. पुढच्या वर्षी प्रदर्शनाला त्या आल्या, पण मागच्या रांगेत बसल्या. प्रश्न विचारला नाही. मी माइकवरून ओळखी करून देत होतो आणि माझा आवाज माझ्याच कानाला खोटा लागत होता. त्यानंतर मी ते काम सोडलं. लोकांना सांगितलं, वेळ मिळत नाही.

दोनेक वर्षांनी मला मुलुंड पूर्वेला फ्लॅटचा ताबा मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि शिवाय एक लहानशी जादा खोली. बिल्डर तिला स्टोअररूम म्हणायचा. ऑफिसात पेढे वाटायला मी असा दिवस निवडला की तावडेबाई रजेवर होत्या. वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं, त्यांना सोडून.

नीलानं विचारलं, "ताईंना का नाही?"

"त्यांना उगाच वाईट वाटायचं गं. आपलं घर बघून."

"त्यांना वाईट वाटेल म्हणून?" नीला म्हणाली. "की तुला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून?"

उत्तर तिला माहीत होतं.

वास्तुशांत झाली. सामान हलवायला अजून आठवडा होता. रविवारी सकाळी आम्ही दोघं रिकाम्या फ्लॅटमध्ये फरशी पुसत होतो, तर दारात तावडेबाई. हातात पिशवी, चेहरा लाल.

"मेल्या! माका कित्याक नाय बोलवलंस?"

मी उठलो. हातातल्या फडक्याचं पाणी पायावर गळत होतं.

"सगळ्या हापिसाला बोलावलंस. शिपायाला बोलावलंस. माझ्यावर कसला राग रे?"

"राग नाही, तावडेबाई. मी... त्या वेळी..."

"त्या वेळचं सोड," त्या एकदम म्हणाल्या. असं म्हणाल्या की पुढे बोलता येणार नाही. मग पदर खोचला आणि आत आल्या.

दिवसभर राबल्या. न्हाणीघराची भिंत बोटांनी वाजवून त्यांनी ओल कुठून येणार ते दाखवलं, आणि पुढच्या पावसात ती बरोबर तिथूनच आली. नीलाला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावला आणि तिचा हात पोचतो तिथे खडूनं मांडणीची खूण केली. "लोक नवऱ्याच्या उंचीनं मांडणी लावतात आणि बायका आयुष्यभर टाचा उंच करतात." खिडक्या मोजल्या. दुपारी ऊन कुठवर येतं ते बघायला अर्धा तास फरशीवर बसून राहिल्या. त्यांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

पण एक होतं. काहीही सुचवलं की त्या थांबत आणि नीलाकडे बघत. "कपाट इथे बरं दिसेल. तुला चालेल ना? घर तुझं आहे." पडद्याचा रंग सांगितला. "तुला आवडेल तोच घे हो. घर तुझं." खडूची रेघ ओढायच्या आधीसुद्धा, "मारू का?"

पाचव्या-सहाव्या वेळी नीलाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ताई, विचारू नका हो. तुम्हाला वाटेल तसं करा."

"नाही गो," त्या म्हणाल्या. "विचारायचं असतं."

चारच्या सुमाराला सगळं मोजून, लिहून झालं. शेवटी ती लहान खोली उरली. तावडेबाई दारात उभ्या राहून आत बघत होत्या. भिंती, एक खिडकी, खिडकीतून दिसणारी शेवग्याची फांदी. बाकी काही नाही. मला वाटलं, आता इथे फळ्या कुठे मारायच्या ते सांगतील.

त्या नीलाकडे वळल्या आणि जरा लाजून म्हणाल्या, "नीला, मी इथे थोडा वेळ एकटी बसले तर चालेल? दार लावून?"

"बसा ना ताई."

त्या आत गेल्या. दार लागलं. आतून हळूच कडी सरकवल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं बाहेर ओल्या फरशीवर बसून राहिलो. नीलानं बादली उचलून लांब ठेवली, आवाज न करता. थोड्या वेळानं सुतार आला, पिशवीतून हातोडा काढायला लागला. मी ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं साहेब? कोणी झोपलंय?"

"नाही," मी म्हटलं. "आत ताई बसल्यात."

"मग केव्हा चालू करू?"

"त्या उठतील तेव्हा," मी म्हटलं, आणि त्याला बसायला वर्तमानपत्र पसरून दिलं.